माझ्या जिवंत आईच्या मरणाची गोष्ट

माझी आई वारल्याची बातमी मी अकोल्यात टांग्यात बसून, भोंग्यातून, साऱ्या गावाला ऐकवली. त्या वेळी आई घरात ज्वारी चाळत बसली होती. तुम्ही म्हणाल, यातलं एक काहीतरी खोटं असणार. नाही. दोन्ही खरं आहे. तिला मारलं होतं माझ्या लहानपणच्या दोस्ताने, आणि तो तोवर एवढा मोठा हिरो झाला होता की त्याने मारलेलं माणूस जिवंत आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्याचं नाव मी घेणार नाही. ते नाव भोंग्यातून ओरडण्यात माझं निम्मं तारुण्य गेलं. आता फुकटात कशाला ओरडू?

अमरावतीला आमची खोली एका जिनाच्या मागच्या भिंतीला टेकून होती. जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. दिवाळी सरली की कापसाच्या गाड्या लागायच्या, आणि पार होळीपर्यंत आमच्या गल्लीत सगळ्यावर एक पांढरी लव बसलेली असायची. कौलांवर, तुळशीवर, शेजारच्या शेळीच्या दाढीवर. बाप मला आठवत नाही. आई जिनात यंत्राच्या तोंडात दिवसभर कापूस घालायची. सकाळी काळ्या केसांची बाई घरून जायची आणि संध्याकाळी पांढऱ्या केसांची म्हातारी परत यायची. भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची, डोक्यावरचा पदर काढून भिंतीवर झटकायची, केस सोडून झाडायची आणि पुन्हा तरुण होऊन आत यायची. सगळ्यांच्याच आया रोज संध्याकाळी म्हाताऱ्या होतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

माझा दोस्त कापसाच्या अडत्याचा मुलगा. त्याच्या घरी झोपाळा होता, रेडिओ होता, अंगणात मोटार होती. त्याची आई दिवसभर तरुणच राहायची, त्यामुळे तिच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. म्हणून तो जीन सुटायच्या वेळी आमच्या दारात येऊन बसायचा. आई दिसली की ओरडायचा, "मावशी, थांब थांब! आत नको येऊ. आनखी एकदा झटक!"

"काऊन रे? तमाशा लागला व्हय माह्या पदराचा?"

"एकदाच वं मावशी!"

आणि आई त्याच्यासाठी पुन्हा झटकायची. मग तो माझ्या ताटात बसून आंबाडीची भाजी अन् भाकर खायचा, आणि भाकरीचा पापुद्रा नेमका तोच पळवायचा. बंगल्यात गव्हाची पोळी मिळते म्हणून तो रुसलेला असायचा. त्याला आमचं सगळंच हवं असे. आमची कंदिलाची काच, आमचं गळकं कौल, माझी आई. मला वाटायचं, प्रेम आहे. मी मूर्ख नव्हतो. होतंच ते प्रेम. पण काही लोकांना आवडलेली वस्तू घरी घेऊन जायची सवय असते.

त्याचा पहिला खेळ मी पाहिला तो रंगमंचावर नाही. नांदगाव पेठेला, माझ्या सख्ख्या मावशीच्या अंगणात.

झालं असं, की चैत्रात आई अंगणात कुरडया घालत होती आणि एक कावळा आला तो थेट तिच्या डोक्याला पंजा मारून गेला. शेजारीण ओरडली, "अवो माय! कावया शिवला तुले!" आमच्याकडे कावळा डोक्याला शिवणं म्हणजे यमाने खांद्यावर हात ठेवणं. त्यावर एकच उतारा. ज्याला शिवला तो मेला, अशी खोटी बातमी नात्यातल्या कुणाकडे तरी पाठवायची. त्यांना खरं माहीत नसलं पाहिजे. ते खरे रडले, की यम समजतो काम झालं, आणि निघून जातो. मागाहून खरी बातमी सांगायची. मग शिव्या, हसणं, चहा.

बातमी आईच्या थोरल्या बहिणीला द्यायची ठरलं. पण नेणार कोण? पोटच्या पोराने आईचं मरण बोलू नये, म्हणून मी बाद. गल्लीतले पुरुष एकेक काम काढून पसार झाले. तेवढ्यात आमच्या दोस्ताने वर्गात करतात तसा हात वर केला.

"मी जातो मावशी."

आईने त्याला समोर बसवून बजावलं. "नीट आयक. खोटं मरन सांगनं सोपं आहे. पन ज्यानं मारलं, त्यानंच जितं करा लागते. दुसऱ्या कोनी सांगून ते उतरत नाई. तिथं रडनं झालं की तूच खरं सांगजो, अन् घरी येऊन तुह्या हातानं माह्या तोंडात गुयाचा खडा घालजो. नाई घातला तं ते मरन माह्यापाशीच ठान मांडून बसन. समजलं?"

"समजलं नं मावशी!"

आम्ही सायकलवर डबलसीट गेलो. गावाबाहेर त्याने चपला काढून माझ्या हातात दिल्या, केस विस्कटले, पायांना माती चोळली. मला म्हणाला, "तू तिच्या दारच्या बैलगाडीमागं लप. दिसू नको, नाहीतं माह्यं बिघडन."

मावशी अंगणात धान्य पाखडत होती. तो पळत गेला आणि अंगणाच्या कडेला थांबला. बोलला काहीच नाही. मावशी म्हणाली, "काय रे पोट्ट्या, अमरावतीहून एवढ्या उन्हाचा?" तो गप्प. मग त्याने डोक्यावर नसलेला पदर हळूच काढला आणि मावशीच्या भिंतीवर झटकला. माझी आई झटकायची तसा. आणि पाय आत न घालता तिथेच खाली बसला.

मावशीच्या हातचं सूप पडलं. तिने जो टाहो फोडला तो अजून माझ्या कानात आहे. त्याने एक शब्द उच्चारला नव्हता! आणि मी, ज्याला ठाऊक होतं की आई या घटकेला घरी कुरडया उलटवत असेल, तो मी गाडीमागे ढसाढसा रडत होतो.

गाव जमलं. बायकांनी छाती बडवली. आमचा नट मात्र शांतपणे गर्दीतून बाहेर आला, चपला घातल्या आणि सायकलवर टांग टाकली.

मी म्हणालो, "अबे, खरं सांग नं जाऊन!"

"पागल झाला का बे? आता सांगतलं तं सारी मजा जाईन." आणि निघून गेला.

मग मला जावं लागलं. मी अंगणात उभा राहून ओरडलो, "मावशी, माय जिती आहे! खोटं होतं!" मावशीने मला छातीशी धरलं आणि दुप्पट रडायला लागली. "पोराच्या डोस्क्यावर परिनाम झाला वं माय!" मी जितका ओरडलो की आई जिवंत आहे, तितके लोक जास्त हळहळले. एका म्हाताऱ्याने माझ्या तोंडावर पाणी मारलं. शेवटी बैलगाडी जुंपून सगळी मंडळी अमरावतीला आली तर दारात आई भाकर थापत बसलेली. मावशीने तिला मिठी मारली, पोटभर शिव्या दिल्या, आणि मग मागे वळून एक सणसणीत थोबाडीत दिली. मला.

आईने त्या नटाला बंगल्यातून कान धरून आणलं. त्याने गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला आणि तिच्या गळ्यात पडून म्हणाला, "मावशी, आजवर मले असं काईच जमलं नोतं वं! तू मेली अन् मले जमलं!"

आई हसली. काय करणार? तोंडात गूळ होता.

पुढचं तुम्ही मासिकांतून वाचलं असेल, पण ते तसं नाही. शाळेच्या, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्ही दोघं गाजलो. आवाज माझा मोठा, चेहरा त्याचा. नागपूरच्या स्पर्धेत मला एक पंच म्हणाले, "तुम्ही शेवटच्या रांगेपर्यंत पोचता." त्याला म्हणाले, "तुम्हाला बोलायची गरजच नाही." मी खूश झालो. कुणाची स्तुती मोठी, हे मला कळायला सिनेमा यावा लागला. मुंबईला दोघांनी जायचं, हे आम्ही चिखलदऱ्याच्या सहलीत एका कड्यावर उभं राहून, दरीत ओरडून ठरवलं होतं. दरीनेही ते दोघांना परत ऐकवलं होतं. माझ्याजवळ तेवढाच पुरावा.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो गेला. एकटा. बडनेऱ्याहून मेल धरायची होती. त्याच्या वडिलांची मुंबईच्या कापूसबाजारातल्या एका शेठशी ओळख होती आणि त्या शेठचा पैसा सिनेमात होता. पहिल्या वर्गाचा डबा, बिछान्याची वळकटी, सोडायला मुनीम. ट्रंक मी उचलली. आईने फडक्यात भाकर आणि ठेचा बांधून दिला होता. गाडी हलली तसं त्याने ते फडकं खिडकीतून माझ्या हातात दिलं. "तूच खाऊन टाक बे. डब्यात वास येते. अन् मी पोचलो की तुले बोलावतोच."

भाकर मी बडनेऱ्याच्या बाकावर बसून खाल्ली. बोलावणं अजून यायचं आहे.

आईला जिनातल्या धुळीने खोकला धरला. काम सोडावं लागलं. आम्ही अकोल्याला आलो आणि मला एका टॉकीजमध्ये नोकरी मिळाली. माझ्या आवाजाचं अखेर चीज झालं. टांग्याला दोन्ही बाजूंनी सिनेमाची रंगीत पाटी, मध्ये बॅटरी आणि भोंगा, आणि भोंग्यामागे मी. "आज! आज! आज! शानदार तीन खेळ!" टांगेवाले चाचा म्हातारे होते, घोडा त्यांच्याहून म्हातारा. दुपारी आमचा फेरा माझ्या गल्लीतून जायचा, कारण आई घोड्याला भाकरीची कड द्यायची.

त्याचे पहिले सिनेमे पडले. त्यांचीही जाहिरात मी केली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, थोडी वाढवून केली. मग एक सिनेमा असा लागला की तिकिटाच्या खिडकीचे गज वाकले. त्यात तो गरिबाचा पोर होता. आई टॉकीजमध्ये मोफत पाहून आली आणि म्हणाली, "दुबया झाला. खात नाई वाटते धड."

त्याच सुमाराला एका सिने-साप्ताहिकात त्याने आपल्या लहानपणाची हकिगत सांगितली. टॉकीजच्या मालकाने, आमच्या शेठनी, मला बोलावून ती मोठ्याने वाचून दाखवली, कारण त्यातून भोंग्याचा मजकूर करायचा होता. मी ऐकत होतो. वऱ्हाडातल्या एका जिनामागची खोली. गळकं कौल. कंदिलाची तडकलेली काच. आई सकाळी काळ्या केसांनी जायची आणि संध्याकाळी पांढऱ्या केसांनी यायची. उंबऱ्याबाहेर पदर झटकायची आणि तरुण होऊन घरात यायची. "आणि एका संध्याकाळी," शेठ वाचत होते, "ती उंबऱ्याशी आली आणि तिने पदर झटकला नाही. तशीच पांढरी खाली बसली. पुन्हा तरुण झालीच नाही." नंतर तो विनातिकीट मुंबईला निघाला आणि तिच्या हातची शेवटची भाकर भुसावळपर्यंत रडत रडत खाल्ली.

शेठनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पुसता पुसता ध्यानात आलं की ही माझी आई आहे. आणि भाकरही मीच खाल्ली होती.

"शेठ, हे सगळं माझं आहे," मी म्हणालो. "त्याचा बाप अडत्या. बंगला आहे त्यांचा. ही माझी आई."

शेठनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. "लेका, ज्याला त्याला असंच वाटतं. म्हणून तर तो मोठा नट."

त्याची सख्खी आई तेव्हा अमरावतीत झोपाळ्यावर बसलेली होती. तिला म्हणे या मुलाखतीचा फार राग आला. मारल्याचा नाही, जिनात कामाला लावल्याचा.

दुसऱ्या दिवशी मी टांग्यात बसून शेठच्या मजकुराप्रमाणे सुरू झालो. "मायबाप रसिकहो! आपल्या वऱ्हाडच्या मातीचा हिरा! जिनात राबता राबता ज्याच्या माउलीने प्राण सोडला, त्या अभागी पुत्राची कहाणी!" बाजारात बायका थांबून ऐकत होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी चाचांना म्हणालो, "आज दुसरीकडून घ्या." चाचांनी लगाम ओढला. पण घोड्याला भाकरीची कड ठाऊक होती. तो वळला आणि थेट आमच्या दारात जाऊन उभा राहिला. मी तोंड मिटलं.

"क्या हुआ बाबू, गला बैठ गया?" चाचा म्हणाले.

आई चाळणी घेऊन बाहेर आली. "आज मुका काऊन? मोठ्या सडकेवर तं वरडून राह्यला होता. कोनाची माय मेली म्हनतं?"

"सिनेमातली."

"खोटं नको बोलू. मले आयकू दे."

घोडा भाकर खात होता. गल्लीतल्या बायका दारांत आल्या होत्या. मी भोंगा बाजूला ठेवला आणि आईला सगळं सांगितलं; साप्ताहिकातलं एकेक वाक्य सांगितलं. मला वाटलं, ती भडकेल. माझी इच्छाच होती. इतकी वर्षं मी तिला सांगत होतो की हा पोरगा आपलं एकेक घेऊन चाललाय. आता तरी ती माझ्या बाजूने होईल.

आईने चाळणी खाली ठेवली. आणि तिचा चेहरा उजळला. हो, उजळला!

"अरे बाबू," ती म्हणाली, "मांगच्या महिन्यात मले कावया शिवला होता. वड्या घालत होती तईं. तुले सांगतलं नाई मी. म्हनलं, आता कोन जाईन खोटी बातमी घेऊन? अन् पाह्य, त्या पोराच्या जिवाले तिकडं मुंबईत कयलं! मले वाचवलं नं त्यानं!"

"माय, त्यानं तुले विकलं!"

"चूप राय. साऱ्या मुलखाले रडवलं त्यानं माह्यासाठी. तुह्याच्यानं झालं असतं का एवढं?"

दोस्ताने फसवलं ते मी गिळलं होतं. पण सख्खी आई त्याच्या बाजूने उभी राहिली, तेही स्वतःच्या मरणावर, हे मला आजही पचलेलं नाही. चाचा मान खाली घालून हसत होते. मी भोंगा उचलला आणि पुढच्या गल्लीत जाऊन तिला पुन्हा मारली. आणखी खड्या आवाजात.

पण दिवस गेले तशी आई गप्प व्हायला लागली. खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले धूळ, आई म्हणाली मरण. "सांगतलं त्यानं, पन परत नाई घेतलं अजून," ती म्हणायची. "माह्यापाशीच बसून आहे ते." मी तिला म्हणालो, मी गूळ घालतो. तिने माझा हात दूर केला. "तू मारलं का मले? ज्यानं मारलं त्यानंच जितं करा लागते." तिचा त्यावर एवढा विश्वास होता की माझा नसणं काही कामाचं नव्हतं. जेवण सुटत चाललं. ती रोज विचारायची, "त्याचं येनं होते का रे इकडं?"

आणि तो आला. त्या सिनेमाचे आमच्या टॉकीजला शंभर दिवस झाले म्हणून शेठनी त्याला अकोल्याला आणलं. पडद्यासमोर सत्कार ठेवला. मी शेठना म्हणालो, "हिरोच्या गळ्यात हार एखाद्या जिनातल्या म्हाताऱ्या बाईने घातला तर?" शेठ खुर्चीतून उठलेच. "काय डोकं आहे रे तुझं! आहे का तुझ्या पाहण्यात?"

"आहे," मी म्हणालो.

त्या दुपारी आईने पोळ्याला ठेवलेलं लुगडं नेसलं आणि पदराच्या गाठीत गुळाचा खडा बांधला. टांग्यात ती चाचांना म्हणाली, "आज माह्या पोराच्या हातचा गूळ खाऊन येतो मी." माझ्याकडे पाहून म्हणाली नाही. मी बाजूलाच बसलो होतो.

टॉकीजमध्ये मुंगीला जागा नव्हती. मी पडद्याच्या कडेला, मायक्रोफोनपाशी. तो आला. पांढरा सूट, गॉगल, आणि खरंच दुबळा झाला होता. माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली. ओळखलं होतं. मग मी पुकारलं, "आता वऱ्हाडच्या जिनातली एक कष्टकरी माउली!" आणि आई पायऱ्या चढून आली.

त्याने गॉगल काढला. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं तो अभिनय नव्हता. मी त्याचा अभिनय शाळेपासून पाहिलेला आहे. ओठ हलले. "मावशी," असं तो पुटपुटला. मी हातभर अंतरावर होतो. आईने हार घातला, पदराची गाठ सोडली, तळहातावर खडा धरला आणि हळूच म्हणाली, "घाल बाबू माह्या तोंडात. लय दिवस झाले."

त्याला सगळं आठवलं होतं. नांदगाव पेठ आठवलं होतं, कान धरलेला आठवला होता. त्याने तो खडा उचललासुद्धा. आईने तोंड उघडलं. एखाद्या लहान पोरीसारखं.

आणि समोर लोक होते.

हजार माणसं श्वास धरून पाहत होती, आणि त्या माणसाला श्वास धरलेली गर्दी कधीच सोडवली नाही. त्याने खडा कपाळाला लावला, माझ्या हातातून मायक्रोफोन घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ही माउली माझ्यासाठी गूळ घेऊन आली. आज माझी आई असती, तर अशीच आली असती." आणि खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

टॉकीज हुंदक्यांनी भरून गेलं. शेठ रडत होते. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. तो आईच्या पायांवर वाकला, आणि आईचं तोंड अजून जरा उघडंच होतं. मग तिने ते मिटलं.

मला मायक्रोफोन ओढून घ्यायचा होता. ओरडायचं होतं, ही जिवंत आहे, हीच ती! पण नांदगाव पेठेच्या अंगणात मी एकदा हे ओरडलो होतो आणि लोकांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं होतं. आईने माझ्या दंडाला धरलं. "चाल," ती म्हणाली.

आम्ही टांग्यात बसलो. घर आलं. उतरून उंबऱ्याबाहेर थांबली. जीन सोडून वर्षं झाली होती. अंगावर रुईचा कणही नव्हता. तिने डोक्यावरचा पदर काढला आणि भिंतीवर झटकला. मग म्हणाली, "चुलीवर पानी ठेव. डोक्यावरून आंगोय करा लागते."

मरणाची बातमी कानावर आली की आमच्याकडे अशी आंघोळ करतात.

"कोन गेलं माय?"

"तो गेला. अमरावतीचा पोट्टा."

"रागानं म्हनतं का, का त्याच्या भल्यासाठी?"

"पानी ठेव म्हनलं नं."

तिने आंघोळ केली. शेजारच्या बाईने कारण विचारलं तर म्हणाली, "अमरावतीले एक पोरगं होतं माह्यं. गेलं." त्या बाईचे डोळे भरून आले, तशी आईही थोडी रडली. खरी रडली. मग घरात येऊन गुळाचा एक ताजा खडा फोडून कोनाड्यात ठेवला.

"हा कायले?"

"मी मारलं त्याले. मीच जितं करीन. येऊ दे घरी."

त्या दिवसापासून ती दोन घास जास्त जेवायला लागली. खोकला गेला नाही, पण मरण बसलंय असं पुन्हा म्हणाली नाही. कोनाड्यातल्या खड्याला मुंग्या लागल्या की ती नवा ठेवायची. तो काही आला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी आई खरोखर गेली, तेव्हा मी भोंगा लावला नाही. अकोल्यात अर्ध्या लोकांना वाटलं असतं, जुनाच सिनेमा पुन्हा लागला.

तो मजेत आहे. पन्नाशी ओलांडली, केस काजळासारखे, आणि मुलीच्या वयाच्या पोरींभोवती झाडामागून झाडामागे पळतो. मध्यंतरी गाडी दरीत गेली तर हा दार उघडून बाहेर उभा, सुटाला सुरकुती नाही. साप्ताहिकात छापून आलं, प्रकृतीचं रहस्य काय, तर योगासनं आणि गाईचं दूध. मी वाचून एवढा हसलो की बायको धावत आली. आईने त्याला मारून ठेवलाय आणि ते मरण परत घ्यायचं राहून गेलं. यमाला तो कुठून सापडणार?

परवा त्याचा नवा सिनेमा लागला. त्यात तो शेवटी मरतो. मी तिकीट काढून पुढच्या रांगेत बसलो. बऱ्यापैकी मेला. पण नांदगाव पेठेच्या अंगणात माझ्या आईला मारताना जमलं होतं, तसं काही जमलं नाही. तेव्हा तो एक शब्दही बोलला नव्हता.